आमचा आड

आमच्या घरात दोन पाण्यांचा राबता आहे. एक नळाचे आणि दुसरे आडाचे. नळाचे पाणी कासच्या तलावातून डोंगर उतरून साताऱ्यात येते. आडाचे पाणी आमच्या परसात, तुळशीवृंदावनापासून दहा पावलांवर, जमिनीच्या पोटात असते. नळाचे पाणी वेळेवर येते आणि वेळेवर जाते. "ते पगारी माणूस," असे आमची आई म्हणते. "आड घरचा आहे."

घरच्या माणसाला तपासणीसाठी कोणी सहसा डॉक्टरकडे नेत नाही. तो धडधाकट दिसत असला तर मुळीच नाही. आडाच्या बाबतीत आमचे नेमके हेच झाले. पंच्याऐंशी वर्षे त्याचे पाणी आम्ही प्यालो, त्यावर मोगरा-जास्वंद वाढवली, आल्यागेल्याला तांब्याभर देऊन वर "कसे आहे?" म्हणून कौतुकाने विचारले; आणि एवढ्या काळात ते खरोखर कसे आहे, हे कोणा जाणत्याला विचारण्याची बुद्धी काही झाली नाही. ती झाली २०२३ च्या मे महिन्यात, आणि तीही आपणहून नव्हे.

आड आजोबांनी १९३८ साली खणवला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची ही जमीन म्हणजे वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अडतीस फुटांवर एका भेगेतून झरा लागला, तेव्हा आजोबांनी नारळ फोडला आणि खणणाऱ्यांना पेढे वाटले, असे सांगतात. सहा फूट रुंदीचा हा आड. वरचे बारा फूट दगडी बांधकाम आणि खाली उघडा खडक. त्यावर कप्पी, पितळी पोहरा आणि काथ्याचा दोर. पुढे १९८४ साली पंप बसला, तरी कप्पी अजून जागेवर आहे. वीज गेली की ती कुरकुरत कामाला लागते.

आईची आणि ह्या आडाची मैत्री १९७२ च्या दुष्काळातली. लग्न होऊन तिला दोन वर्षे झाली होती. आळीतले आड एकामागून एक आटले. आमचा तेवढा हटला नाही. पहाटे चारपासून दारात रांग लागे. रांगेत कोणी कोठे उभे राहावे ह्यावरून आजीने कुरकुर सुरू केली, तेव्हा आजोबांनी महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपला हौद सर्वांना खुला केल्याची आठवण दिली, आणि आजी गप्प बसली. त्या उन्हाळ्यात दोर ओढून ओढून आईच्या तळहातांना जे घट्टे पडले, ते ती आजही दाखवते. अशा माणसासमोर आडाला नावे ठेवणे म्हणजे तिच्या माहेराला नावे ठेवण्यासारखेच.

मी मराठीचा मास्तर. आड, विहीर, बारव, हौद ह्या शब्दांतले फरक मी वर्गात रंगवून सांगतो. पायऱ्या असतील ती बारव, पायऱ्या नसलेला अरुंद तो आड, वगैरे. दर वर्षी मुलांना घेऊन लिंबची बारा मोटांची विहीर दाखवायला जातो. सन १७१९ ते १७२४ च्या दरम्यान शाहू महाराजांच्या विरूबाईसाहेबांनी ती बांधली. अष्टकोनी विहीर, आत महाल, वर मोटा चालवायच्या जागा. मुले छायाचित्रे काढण्यात दंग असतात आणि मी सांगत असतो की, एवढे वैभव उभे राहिले ते आंब्याच्या बागेला पाणी देण्यासाठी. हे वाक्य मी वीस वर्षे बोलत आलो. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तीच गत "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" ह्या म्हणीची. मूळ ठिकाणीच नसेल तर हाती काय लागणार, असा तिचा अर्थ मी फळ्यावर लिहीत आलो. पण म्हण उलटी करून पाहण्याचे मला कधी सुचले नाही. आडात जे असेल, ते पोहऱ्यात आल्यावाचून राहणार नाही!

मार्चमध्ये धाकटी बहीण बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिला मुलगा झाला. बाळ वजनाने जरा कमी. आईचे दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडरीचे वरचे दूध जोडीला द्यायला सांगितले. घरी सोडताना त्यांनी विचारले, "दुधाला पाणी कुठलं वापरणार?"

"घरच्या आडाचं," आई म्हणाली. "अमृत आहे."

"उकळूनच वापरा. आणि आडाचं असेल तर एकदा तपासून घ्या."

पहिली सूचना आईने शिरोधार्य मानली. किंबहुना डॉक्टरांनी सांगितले त्याच्याही पलीकडे ती गेली. तिच्या आईने शिकवल्याप्रमाणे पातेल्यात दोन तांबे पाणी ठेवावयाचे आणि मंद आंचेवर आटवून एक तांब्या उरवावयाचे. ह्याहून शुद्ध ते काय असणार? दुसरी सूचना माझ्या वाट्याला आली, आणि मी ती चार दिवस खिशात घेऊन हिंडलो.

ह्या चार दिवसांत एक गंमत झाली. बाळाचे आगमन कळले असावे, अशा बेताने जलशुद्धीकरण यंत्राचा एक विक्रेता दारात हजर झाला. त्याने नळाच्या आणि आडाच्या पाण्याचे दोन पेले भरून घेतले, त्यांत दोन-दोन सळया बुडवून वीज सोडली, आणि बघता बघता आडाच्या पेल्यात तांबूस-काळा गाळ तरंगू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. मी घाबरून आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांना फोन केला, तर ते खो खो हसू लागले. म्हणाले, "अहो, तो गाळ पाण्यातला नव्हे, त्याच्या लोखंडी सळईचाच! पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते. क्षार म्हणजे घाण नव्हे. अशानं काही कळत नाही. रीतसर तपासा."

रीतसर म्हणजे कसे, हेही त्यांनीच शिकवले. पाण्याची तपासणी दोन तऱ्हेची. एक जंतूंची, दुसरी क्षारांची. एकीचा निकाल दुसरीला लागू नाही. बाजारात पेनासारखे एक यंत्र मिळते. ते पाण्यात बुडवले की आकडा दाखवते. तो विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज. त्यात जंतू दिसत नाहीत, आणि क्षारांत कोणता क्षार किती, हेही समजत नाही. माझ्यासारखे बरेच लोक तो आकडा पाहून निश्चिंत होतात.

मी उत्साहाने शीतपेयाची रिकामी बाटली विसळून आडाच्या पाण्याने भरली आणि प्रयोगशाळेत गेलो. तेथील बाईंनी बाटलीचा वास घेतला आणि ती मला परत दिली. "ह्यात लिंबू-सोडा तपासायचा आहे का?" असे त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होते. जंतुपरीक्षेसाठी त्यांनी निर्जंतुक केलेली बाटली दिली. झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये, बाटली विसळावयाची नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी परत आणावयाची. क्षारांसाठी स्वच्छ प्लास्टिकचा दोन लिटरचा कॅन, तो मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळावयाचा. आणि पाणी गच्चीवरच्या टाकीतले नको. पंप पाच मिनिटे चालू देऊन आडातले ताजे हवे. जिल्ह्याजिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. खासगी विहिरीचे पाणीही तेथे शुल्क घेऊन तपासतात. आपल्यापैकी किती जणांनी तेथे पाऊल टाकले आहे?

अहवालाला सहा दिवस लागणार होते. तोवर सरांनी माझ्या नववीतल्या मुलाला दोन लहान बाटल्या आणून दिल्या. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही साधी परीक्षा जगापुढे मांडली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून ती उबेला ठेवावयाची. मलमूत्राशी संबंध आलेले जंतू पाण्यात असतील तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. मुलाने एका बाटलीत आडाचे कच्चे पाणी भरले, दुसरीत आजीने उकळलेले, आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कच्च्या पाण्याची बाटली शाईच्या दौतीसारखी दिसत होती. उकळलेल्या पाण्याची जशीच्या तशी होती.

मला धक्का बसला. आईला बसला नाही. "पाहिलंस? उकळलं की झालं! आमच्या वेळी काय बाटल्या होत्या?" ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर मलाही हायसे वाटले. जंतू होते, पण उकळल्यावर मरत होते. बाळाचे दूध आईच्या पातेल्यातल्या पाण्यातच होत राहिले.

सहाव्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासत बसलो असता सरांचा फोन आला. अहवाल त्यांनीच आणला होता. क्षार एकूण लिटरला ६४० मिलिग्रॅम, कठीणपणा ३८०. "हे जरा वरचे, पण चालण्यासारखे," ते म्हणाले. कॉलिफॉर्म जंतू आहेत, ते बाटलीने सांगितलेच होते. वास्तविक शंभर मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. मग ते थांबले. "नायट्रेट ७८ आहे. मर्यादा ४५ ची. सर, बाळाला हेच पाणी देताय का?"

"उकळून देतो," मी म्हणालो.

"किती उकळता?"

मी दोन तांब्यांचा एक तांब्या सांगितला. पलीकडे काही क्षण शांतता होती. "सर, नायट्रेट उकळून उडत नाही. पाण्याची वाफ होते, ते मागे राहतं. अर्धं आटवलंत म्हणजे दुप्पट झालं. आत्ता घरी जा आणि ते पाणी बंद करा."

उत्तरपत्रिका तशाच टाकून मी घरी धावलो. वाटेत मनात एकच हिशेब चालला होता. दहा दिवस, रोज सहा बाटल्या.

नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला एवढ्याने लगेच काही होत नाही. तान्ह्या मुलाचे निराळे. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बदलून टाकते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मूल ओठांशी, नखांशी निळसर पडू लागते. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या मुलांना हा धोका सर्वांत अधिक. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली हे प्रथम नोंदवले. त्यांच्यापुढे आलेली निळी पडलेली बाळे शेतवाडीवरची होती, आणि त्यांचे दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते.

आमचे बाळ निळे नव्हते. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तपासले, ओठ, नखे, श्वास पाहिला आणि "बाळ ठीक आहे, पाणी बदला," एवढेच सांगितले. अंगावरचे दूधही त्याला मिळत होते, त्याचा आधार झाला असावा. तरी ती रात्र मी आणि धाकटी झोपलो नाही. तासातासाने बॅटरीच्या उजेडात त्याची इवलीशी नखे पाहत होतो. उजेडात ती गुलाबी दिसत, बॅटरी विझवली की पुन्हा शंका येई. पहाटे नळाला पाणी आले. त्याचा आवाज मला इतका गोड ह्यापूर्वी कधी लागला नव्हता.

चवीवर विसंबण्याची ही चूक आमच्याच घराची नव्हे. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून पटकी पसरली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो ह्यांना एका मृत्यूचे कोडे उलगडेना. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने गेली होती, आणि तिच्या आसपास पटकीचा मागमूस नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की, ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे. तेथल्या पाण्याची गोडी तिला एवढी लागली होती की, रोज गाडीतून त्या पंपाची बाटली ती मागवून घेई. आपली भाषाही ह्या बाबतीत फसवी आहे. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की ते 'निवळते', आणि निवळलेले पाणी आपण निर्मळ समजतो. नितळ आणि निर्मळ हे दोन शब्द मी यापुढे एका श्वासात उच्चारणार नाही.

आता हे आले कोठून? माझा संशय तत्काळ शेजारच्या अण्णांच्या मैलाटाकीवर गेला. संशय कसला, मी तर निकालच देऊन टाकला आणि अण्णांच्या दारात जाऊन चार शब्द कमीजास्त बोललो. अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसिअर. ते भांडले नाहीत. आत गेले, मोजपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "चल, मोजू."

त्यांची टाकी आडापासून सत्तर फूट निघाली, आणि तीही उताराच्या खालच्या अंगाला. मग अण्णा आमच्या परसात शिरले. आमच्या जुन्या संडासाचा शोषखड्डा, ज्यावर नंतर न्हाणीघर बांधले आणि ज्याचे पाणी अजून तेथेच मुरते, तो बावीस फुटांवर. विहिरीपासून असले काही निदान पन्नास फूट दूर असावे, असा नियम. "आणि हे काय?" म्हणून अण्णांनी काठी टोचली ती माझ्या अभिमानस्थळात. शेणखत आणि पालापाचोळा कुजवण्याचा खड्डा! २०१५ साली बागेची हौस लागली तेव्हा पाणी घालायला सोपे म्हणून मी तो आडाच्या वरच्या अंगाला नऊ फुटांवर खणला होता.

"वाळूची जमीन असती तर थोडंफार गाळलं तरी गेलं असतं," अण्णा म्हणाले. "हा आपला काळा दगड. ह्यातून पाणी गाळत नाही, फटीतून पळतं. वरून ओतलंस ते खाली पोचतंच." शिवाय आडाभोवतीचा ओटा तडकला होता. त्यावर धुणे धुतले जाई आणि साबणाचे पाणी सरळ फटीतून आत जाई.

मी अण्णांची क्षमा मागितली. त्यांनी ती चहावर मिटवली.

तेव्हा मोगऱ्याचे कोडेही उलगडले. तीन वर्षे आमचा मोगरा पानांनी नुसता माजला होता. गर्द हिरवा, हात लावावा असा, पण कळी धरीना. मी त्याला आणखी खत घालीत होतो. सरांनी कागदावर गणित करून दाखवले. लिटरला ७८ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे साडेसतरा मिलिग्रॅम नत्र. हजार लिटर पाणी बागेला दिले की त्याबरोबर सुमारे अडतीस ग्रॅम युरिया गेला असे समजा. नत्र जास्त झाले की पाला वाढतो आणि फूल मागे पडते. म्हणजे झाड मला तीन वर्षे अहवाल देत होते, आणि मला तो वाचता येत नव्हता. खत बंद केले. पुढच्या चैत्रात मोगरा असा फुलला की सौभाग्यवतींनी आळीत ओंजळी वाटल्या. जे पाणी बाळाला विष, तेच झाडाला अन्न. बागेपुरते आमच्या आडाचे पाणी चांगलेच आहे. कठीण असल्यामुळे पानांवर शिंपडले तर पांढरे डाग पडतात, म्हणून ते बुंध्याशी द्यावे, इतकेच.

घराचे काय करावयाचे, ह्यावर बरीच खलबते झाली. जंतूंवर टी.सी.एल. पावडर हा उपाय आहे, पण तीही मूठभर टाकून भागत नाही, जसे आम्ही वर्षातून एकदा गणपतीच्या सुमारास टाकीत असू. हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ताजी पावडर लागते. उन्हाळ्यात आमच्या आडात दहा फूट पाणी असते, म्हणजे आठ हजार लिटरच्या आसपास. त्याला वीस ग्रॅम पुरे. पावसाळ्यात पाणी पंचवीस फुटांवर चढते, तेव्हा अडीच पट. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावयाचा, वरचे निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने आडात सोडावयाची आणि पाण्याखाली वर-खाली हलवावयाची; मग तासभर आडाला हात लावावयाचा नाही. उघडी राहून शिळी झालेली पावडर निरुपयोगी. पहिल्या पावसात वरची सगळी घाण खाली उतरते, म्हणून जूनमध्ये विशेष जपावयाचे. मात्र ही पावडर नायट्रेटला काही करीत नाही. अतिनील किरणांचे यंत्रही करीत नाही. तांब्याचे भांडे जंतू कमी करते असे प्रयोगांत दिसले आहे. नायट्रेटपुढे तेही हतबल. ते काढते आर.ओ.चे यंत्र, पण त्यात बरेच पाणी वाया जाते, आणि दारात कासचे पाणी असताना तो खटाटोप आम्हाला पटला नाही. ज्यांना विहिरीवाचून दुसरे पाणी नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी तर आपल्या मुलखाचा दोष आधी ओळखावा. चंद्रपूर, यवतमाळकडे फ्लोराइड, अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात खार, किनाऱ्यालगत समुद्र. आमच्याकडचा अहवाल त्यांच्या कामाचा नाही.

आम्ही खताचा खड्डा उपसून साठ फुटांवर नेला, शोषखड्डा बंद करून न्हाणीचे पाणी गटाराला जोडले, ओटा नव्याने बांधून त्याला पन्हळ काढली आणि आडावर लोखंडी झाकण बसवले. आणि पिण्याचे, स्वयंपाकाचे पाणी नळाचे ठरले.

हे शेवटचे आईला सांगावयाचे होते. अहवाल घेऊन मी देवघरापाशी तिच्याजवळ बसलो. आकडे तिला वाचून दाखवले, आटवण्याचे गणित सांगितले. तुझी चूक नाही, हेही सांगितले. तिने ते सगळे ऐकून घेतले. ती रागावेल, बहात्तर सालचा दाखला देईल, अशी मी तयारी ठेवली होती. त्यातले काहीच झाले नाही. वाती वळता वळता तिने विचारले,

"तुझा थोरला भाऊ गेला... तेव्हाही हे असंच असेल का रे?"

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. १९७४ साली, चार महिन्यांचा असताना, हगवणीने तो गेला. त्याचे नाव आमच्या घरात वर्षानुवर्षे कोणी काढीत नाही. मी पन्नाशीला येऊन पोचलो, पण आईच्या तोंडून मी ते दोनदाच ऐकले असेल.

मी म्हणालो, तेव्हा खताचा खड्डा नव्हता. ओटा नवा होता. हगवणीला शंभर कारणे असतात. पन्नास वर्षांपूर्वीचे पाणी आता कोणाला तपासता येणार? हे सर्व खरे होते. पण संडासाचा तो शोषखड्डा तेव्हाही होता, आणि हे तिला ठाऊक होते. मला ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, "पाणी मीच पाजत होते." मग तिने वातींचा डबा बंद केला आणि उठून पिण्याच्या हंड्यातले आडाचे पाणी तुळशीत ओतले.

दर सहा महिन्यांनी आम्ही आता पाणी तपासतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये नायट्रेट ७१ होते, मे २०२४ मध्ये ५८. जमिनीत मुरलेले एकदम निघत नाही. अहवाल आला की आई स्वतः चष्मा लावून आकडा पाहते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. नातवाच्या दातांच्या तारखाही तिने तेथेच लिहिल्या आहेत.

२०२४ च्या दिवाळीला धाकटी माहेरी आली. बाळ दीड वर्षाचे होत आलेले. धनत्रयोदशीला आईने आडाच्या ओट्यावर दरसालप्रमाणे पणती ठेवली. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाचे पाणी कोठले, असा प्रश्न निघाला, तेव्हा ती म्हणाली, "आडाचं. अंगाला चालतं, विचारलंय मी." तिने सरांना परस्पर फोन केला होता. पावडर घालून झालेले ते पाणी बंबात तापले. उटणे लागले, बाहेर आळीत फटाके सुरू झाले. बाळ पाटावर बसून पाण्यावर हात आपटीत होते आणि तोंड उघडून खिदळत होते. आईने एका हाताने त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला, आणि दुसऱ्या हाताचा तळवा, तो घट्टे पडलेला, त्याच्या ओठांवर घट्ट धरून ठेवला.